कोंबड्यांचं सोयाबीन: आधी भाजा, मग आंबवा

मागच्या वर्षी सोयाबीनचे भाव पडले, तेव्हा आमच्या गटातल्या आम्ही चौघींनी घरचंच सोयाबीन भरडून पिल्लांना घातलं. खाद्याच्या गोणीचे पैसे वाचतील, हा हिशोब! झालं उलटंच. पिल्लांची वाढ खुंटली. आम्ही जातीला नावं ठेवली, पण चूक आमचीच होती.

कच्च्या सोयाबीनमध्ये ट्रिप्सिन-रोधक नावाचा घटक असतो. प्रथिनं पचवणारा पोटातला पाचकरस तो अडवून धरतो. दाण्यात प्रथिनं भरपूर, पण अंगी लागत नाहीत. उष्णतेने हा घटक बराचसा निकामी होतो. म्हणून दाणे आधी भाजा किंवा उकळा, मगच भरडा. करपवू मात्र नका, करपलेली प्रथिनंही पचत नाहीत. चांगली सोयापेंड कारखान्यातच तापवलेली असते. तिच्यात शेकडा 45 च्या आसपास प्रथिनं असतात.

आता आंबवणं. भरड झाकणाच्या बादलीत घ्या, बुडेल एवढं पाणी आणि वाटीभर आंबट ताक घाला. एक-दोन दिवसांत ताकातले जीवाणू पचायला जड असलेल्या साखरा खातात, काही प्रथिनं मोडून हलकी करतात. इडलीच्या पिठासारखा आंबूस वास आला की जमलं. कुजका वास आला किंवा बुरशी दिसली, तर सगळं पुरून टाका. वरची बुरशी काढून खालचं घालू, असं आमच्यातली एक म्हणाली होती. पण बुरशीचं विष डोळ्यांना दिसत नाही. शेळीलाही ते घालू नका.

राहिलं एन्झाइम. धान्य आणि पेंडीतला जवळपास दोन तृतीयांश फॉस्फरस फायटेटमध्ये अडकलेला असतो, आणि कोंबडीला तो नीट सोडवता येत नाही. हाडांना तर तो हवाच. फायटेज नावाचं एन्झाइम तो मोकळा करतं. त्याची पूड पाकिटावरच्या प्रमाणातच, गार खाद्यात मिसळायची. गरम भरडीत ती वाया जाते. तयार खाद्यात बहुधा ती असतेच, तेव्हा आधी गोणीवरची चिठ्ठी वाचा. परसातल्या दहा-वीस कोंबड्यांसाठी आम्ही ती विकत घेत नाही. भाजणं-आंबवणं पुरतं.

आंबवलेली भरड नुसती घालू नका. मक्याच्या किंवा ज्वारीच्या भरडीत थोडी थोडी मिसळत वाढवा, आणि संध्याकाळी भांड्यात उरलेलं काढून टाका. यंदाची पिल्लं आम्ही दर रविवारी काट्यावर तोलतो आहोत.