आरोग्य कार्यकर्ते, सामाजिक : प्रमाणन व व्यावसायिक मान्यता

ज्या वस्तीत राहावयाचे त्याच वस्तीतून निवडलेल्या, अल्पमुदतीचे प्रशिक्षण घेतलेल्या आणि घरोघरी जाऊन प्रतिबंधक व प्राथमिक स्वरूपाची आरोग्यसेवा देणाऱ्या व्यक्तींना सामाजिक आरोग्य कार्यकर्ते म्हणतात. भारतात या वर्गात आता बहुसंख्य स्त्रिया असून ‘आशा’ या नावाने त्या सर्वपरिचित आहेत. वैद्य, परिचारिका किंवा औषधनिर्माता यांच्याप्रमाणे या कार्यकर्त्यांच्या पाठीशी पदवी अथवा व्यवसाय परिषदेकडील नोंदणी नसते. त्यामुळे त्यांच्या संदर्भात तीन प्रश्न सतत उपस्थित होत आले आहेत : त्यांचे कौशल्य कोणी व कोणत्या कसोटीवर प्रमाणित करावे, प्रमाणित कौशल्यामुळे त्यांना कोणते अधिकार मिळावेत, आणि त्यांचे काम सेवाभावी समजावे की नोकरी समजावी.

स्वरूप : या संदर्भात चार गोष्टींमध्ये भेद करणे आवश्यक असते. प्रशिक्षणाला उपस्थित राहिल्याचा दाखला ही पहिली गोष्ट. त्रयस्थ संस्थेने परीक्षा घेऊन कौशल्याची दिलेली ग्वाही म्हणजे प्रमाणन, ही दुसरी. विशिष्ट कृत्ये करण्याचा कायदेशीर अधिकार म्हणजे परवाना किंवा नोंदणी, ही तिसरी. आणि वेतन, रजा, निवृत्तिलाभ इ. सेवाशर्ती ही चौथी. सामान्यतः एखाद्या व्यवसायात या चारही पायऱ्या एकमेकींशी निगडित असतात. परिचारिकेची परीक्षा उत्तीर्ण झालेल्या व्यक्तीस नोंदणी मिळते व नोंदणीमुळे ती पदास पात्र ठरते. सामाजिक आरोग्य कार्यकर्त्यांच्या बाबतीत ही साखळी दुसऱ्या पायरीनंतर तुटते. महाराष्ट्र वैद्यक व्यवसायी अधिनियम, १९६१ या कायद्याने नोंदणी नसलेल्या व्यक्तीस वैद्यक व्यवसाय करण्यास मनाई केली आहे. साहजिकच गावातील कार्यकर्तीने कोणती औषधे द्यावीत व कोठे थांबावे हे कायद्यापेक्षा त्या त्या योजनेच्या मार्गदर्शक सूचनांवरून ठरते.

पूर्वपीठिका : खेड्यातील माणसालाच प्राथमिक उपचार शिकवावेत, या कल्पनेस चीनमधील ‘अनवाणी डॉक्टरां’मुळे १९६८ नंतर जगभर प्रसिद्धी मिळाली. भारतात श्रीवास्तव समितीने १९७५ मध्ये समाजातूनच निमव्यावसायिक आरोग्य कार्यकर्ते तयार करण्याची शिफारस केली आणि २ ऑक्टोबर १९७७ रोजी केंद्र शासनाने तशी योजना सुरू केली. सु. १,००० लोकसंख्येमागे एक कार्यकर्ता, तीन महिन्यांचे प्रशिक्षण, दरमहा ५० रु. मानधन व तेवढ्याच किमतीची औषधे, असे तिचे स्वरूप होते. निवड झालेल्यांत पुरुषांचे प्रमाण फार मोठे होते. योजनेचे नाव अल्पावधीतच बदलत गेले : आरंभी ‘कार्यकर्ता’, १९८० मध्ये ‘स्वयंसेवक’ आणि १९८१ मध्ये ‘मार्गदर्शक’ (हेल्थ गाइड). हे नामांतर केवळ शाब्दिक नव्हते. कार्यकर्ता हा शब्द नोकरीचा हक्क सूचित करतो, स्वयंसेवक हा शब्द तो नाकारतो. मानधनवाढ व सेवेत सामावून घेणे या मागण्यांसाठी मार्गदर्शकांनी संघटना उभारल्या व न्यायालयांतही दाद मागितली. तथापि योजना हळूहळू निस्तेज झाली आणि २००२ मध्ये केंद्राने तिचे अर्थसाहाय्य थांबविले.

महाराष्ट्रातील प्रयोग : शासकीय योजनेच्या आधीपासून महाराष्ट्रात या क्षेत्रात मौलिक काम झाले होते. रजनीकांत आरोळे व मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये जामखेड (अहमदनगर, आता अहिल्यानगर जिल्हा) येथे सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. गावाने निवडलेल्या, बहुधा निरक्षर व अनेकदा दलित समाजातील प्रौढ स्त्रियांना तेथे ग्राम आरोग्य कार्यकर्त्या म्हणून तयार करण्यात आले. एकदाच परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याऐवजी दर आठवड्यास जामखेडला एकत्र येऊन शिकण्याची व अनुभव सांगण्याची पद्धत तेथे रूढ झाली. या प्रकल्पाची माहिती जागतिक आरोग्य संघटनेच्या १९७५ मधील एका ग्रंथातही समाविष्ट होती. आरोळे दांपत्यास १९७९ मध्ये रॅमन मॅगसायसाय पुरस्कार मिळाला. नोशीर अंतिया यांच्या ‘फाउंडेशन फॉर रिसर्च इन कम्युनिटी हेल्थ’ या संस्थेने प्रथम मांडवा (तत्कालीन कुलाबा जिल्हा) येथे आणि पुढे पुणे जिल्ह्याच्या पुरंदर तालुक्यातील परिंचे परिसरात स्थानिक स्त्रियांना असेच प्रशिक्षण दिले. परिंचे भागात त्या ‘ताई’ म्हणून ओळखल्या जात.

अभय बंग व राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेचा गडचिरोली जिल्ह्यातील प्रयोग प्रमाणनाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचा आहे. ३९ गावांतील अल्पशिक्षित स्त्रियांना नवजात बालकांची घरच्या घरी काळजी घेण्याचे प्रशिक्षण देण्यात आले. जंतुसंसर्ग ओळखून जेंटामायसिनचे इंजेक्शन देण्याचाही त्यात समावेश होता. नियंत्रित गावांशी तुलना करता तिसऱ्या वर्षी तेथील नवजात मृत्युदर सु. ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांवरून दिसून आले. २०११ मध्ये घरोघरच्या नवजात बालक संगोपनाचा राष्ट्रीय कार्यक्रम आखण्यात आला, त्याला या अनुभवाचा मोठा आधार होता. मात्र २०१४ मध्ये समाजपातळीवर जेंटामायसिन वापरण्यास केंद्राने मान्यता दिली तेव्हा इंजेक्शनचा अधिकार आशांना नव्हे, तर नोंदणीकृत सहायक परिचारिका-प्रसाविकांना देण्यात आला. सिद्ध झालेले कौशल्य व कायदेशीर अधिकार यांतील अंतराचे हे बोलके उदाहरण होय.

आशा योजना : राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाचा प्रारंभ १२ एप्रिल २००५ रोजी झाला. ‘आशा’ या लघुरूपाचा विस्तार मराठीत ‘मान्यताप्राप्त सामाजिक आरोग्य कार्यकर्ती’ असा करतात. सु. १,००० लोकसंख्येमागे एक आशा असावी. ती त्याच गावची रहिवासी, शक्यतो २५ ते ४५ वयोगटातील विवाहित, विधवा वा घटस्फोटित स्त्री असावी, असे निकष आहेत. डोंगराळ व आदिवासी भागांत लोकसंख्येची अट शिथिल करता येते. पुणे जिल्ह्यातील भोर व वेल्हे (राजगड) यांसारख्या सह्याद्रीलगतच्या तालुक्यांत, जेथे गाव म्हणजे डोंगरउतारावर विखुरलेल्या वाड्या असतात, तेथे या सवलतीचे महत्त्व सहज लक्षात येते. कारण कामाचे ओझे केवळ डोकी मोजून कळत नाही, चालावे लागणारे अंतरही त्यात धरावे लागते.

गर्भवतींची नोंद, प्रसूतीसाठी रुग्णालयात नेणे, प्रसूतीनंतरच्या गृहभेटी, लसीकरण, क्षयरुग्णांचा औषधोपचार, सर्वेक्षणे इ. कामे आशांकडे असतात. त्यांचा मोबदला मुख्यतः कामागणिक ठरतो, उदा., नवजात बालकाच्या सहा किंवा सात गृहभेटी पूर्ण झाल्यावर २५० रु. नित्याच्या कामांसाठी केंद्राने १,००० रु. मासिक रक्कम ठरविली होती. ती २०१८ मध्ये २,००० रु. करण्यात आली व २०२५ मध्ये ३,५०० रु. करण्याचे ठरले. आशांच्या कामावर देखरेख करणाऱ्या कार्यकर्त्यांस महाराष्ट्रात गटप्रवर्तक म्हणतात.

नावात ‘मान्यताप्राप्त’ हा शब्द असला, तरी आरंभीची कित्येक वर्षे मान्यता देणारी स्वतंत्र परीक्षा अस्तित्वात नव्हती. पुढे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या साहाय्याने प्रमाणनाची व्यवस्था करण्यात आली. तिच्यात केवळ आशांचीच नव्हे, तर अभ्यासक्रम, प्रशिक्षक आणि प्रशिक्षण केंद्रे यांचीही पारख अभिप्रेत आहे. कमी दर्जाच्या प्रशिक्षणाचा दोष शिकणारीच्या माथी येऊ नये, या दृष्टीने ही रचना उचित ठरते. तथापि परीक्षा उत्तीर्ण झाल्याने आशा ‘स्वयंसेविका’ या वर्गातून बाहेर पडत नाही.

संघटना व न्यायनिर्णय : मे २०१३ मध्ये भरलेल्या ४५ व्या भारतीय श्रम परिषदेने आशा, अंगणवाडी कर्मचारी इत्यादींना कामगार मानून किमान वेतन व सामाजिक सुरक्षा द्यावी, अशी शिफारस केली. महाराष्ट्रात सु. ७०,००० आशा असून त्यांच्या विविध संघटनांनी कृती समितीद्वारे एकत्रितपणे लढे दिले. कोव्हिड-१९ च्या साथीत घरोघर सर्वेक्षणाचा भार त्यांच्यावर पडला. त्या काळात, जून २०२१ मध्ये, राज्यव्यापी संप झाला. पुढील संप १८ ऑक्टोबर २०२३ रोजी सुरू झाला व आश्वासनानंतर नोव्हेंबरमध्ये मागे घेण्यात आला. परंतु शासन निर्णय न निघाल्याने जानेवारी २०२४ मध्ये पुन्हा काम थांबले. अखेर मार्च २०२४ मध्ये दरमहा ५,००० रु. वाढ नोव्हेंबर २०२३ पासून लागू करण्याचा निर्णय झाला. यापूर्वी मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातील आशांचा सामूहिक गौरव केला होता. गौरव आणि वेतन यांच्या कक्षा भिन्न राहिल्या, असेच या घटनाक्रमावरून दिसते.

अंगणवाडी कर्मचाऱ्यांविषयीचे निर्णय या संदर्भात उद्‌बोधक आहेत. अंगणवाडी सेविका शासकीय पद धारण करीत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये म्हटले. तर एप्रिल २०२२ मध्ये त्याच न्यायालयाने त्यांना उपदानाचा (ग्रॅच्युइटीचा) हक्क मान्य केला. मानधन हे नाव दिल्याने कामाचे स्वरूप बदलत नाही, ही भूमिका त्यातून पुढे आली.

इतर देश : चीनमध्ये १९८५ साली ‘अनवाणी डॉक्टर’ ही संज्ञा रद्द करून परीक्षा उत्तीर्ण होणाऱ्यांना ग्रामवैद्य ही मान्यता देण्यात आली. ब्राझीलने २००२ मध्ये कायद्याने हा स्वतंत्र व्यवसाय मानला. २००६ च्या घटनादुरुस्तीने त्याच्या भरतीस घटनात्मक आधार दिला आणि २०२२ च्या घटनादुरुस्तीने किमान वेतनाच्या दुपटीहून कमी वेतन असू नये, असे ठरविले. पाकिस्तानात १९९४ पासून काम करणाऱ्या महिला आरोग्य कार्यकर्त्यांना सर्वोच्च न्यायालयाच्या २०१२ मधील आदेशानंतर नियमित सेवेत घेण्यात आले. अमेरिकेत टेक्सस राज्याने १९९९ मध्ये प्रमाणनाचा कायदा केला. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ मधील मार्गदर्शक तत्त्वांत कौशल्याधिष्ठित औपचारिक प्रमाणन, लेखी करार व कामाच्या प्रमाणात वेतन यांची शिफारस आहे. केवळ वा मुख्यतः कामागणिक मोबदल्यावर विसंबू नये आणि निवडीत वैवाहिक स्थितीची अट असू नये, असेही त्यांत सुचविले आहे. या दोन्ही बाबतींत भारतीय पद्धती त्यांहून वेगळी आहे.

मूल्यमापन : प्रमाणनास दोन बाजूंनी आक्षेप घेतले जातात. औपचारिक शिक्षणाची अट वाढत गेल्यास जामखेडसारख्या प्रयोगांचा कणा असलेल्या अल्पशिक्षित व उपेक्षित स्त्रिया वगळल्या जाण्याचा धोका असतो. दुसरे असे, की कार्यकर्ती पूर्णतः शासकीय कर्मचारी झाल्यास गावाशी असलेले तिचे नाते दुरावेल व ती वरिष्ठांनाच उत्तरदायी राहील. पहिला आक्षेप लेखी परीक्षेऐवजी प्रत्यक्ष कौशल्याची तपासणी करून बऱ्याच अंशी दूर करता येतो. दुसऱ्यात तथ्य असले, तरी आजच्या व्यवस्थेतही अहवाल, उद्दिष्टे व देखरेख शासनाचीच असते. म्हणजे कर्मचाऱ्याची जबाबदारी तिच्यावर आहेच, अभाव आहे तो कर्मचाऱ्याच्या हक्कांचा. १९७७ च्या योजनेचा अनुभव पाहता, प्रशिक्षण, अधिकार व सेवाशर्ती यांची सांगड न घातल्यास कार्यकर्ते निरुत्साही होतात आणि त्यांच्यावर झालेला खर्चही वाया जातो. त्यामुळे प्रमाणनापुढील दोन पायऱ्या, म्हणजे स्पष्ट अधिकारकक्षा व निश्चित वेतन, यांवरच या व्यवस्थेचे भवितव्य अवलंबून आहे.