चषक क्लबचा, पण खेळाडू कुणाचे?

रग्बी लीगमधला प्रत्येक क्लब ‘आम्ही खेळाडू घडवतो’ असे सांगतो. ते खरे की केवळ जाहिरात, हे पारखायचे कसे?

सिडनीच्या पश्चिम उपनगरांत किंवा इंग्लंडच्या उत्तरेकडील विगन, सेंट हेलेन्सच्या परिसरात रग्बी लीग हा घराघरांतला विषय आहे. सहा-सात वर्षांची मुले वस्तीतल्या छोट्या क्लबात खेळू लागतात. चौदा-पंधराव्या वर्षी मोठ्या क्लबची माणसे त्यातली चुणचुणीत मुले हेरतात. मग आईवडिलांची धावपळ सुरू होते. शाळा सुटली की सराव, सुट्टीच्या दिवशी सामना, मध्येच एखादे दुखापतीचे प्लास्टर! मुलगा आपले वाढीचे वय क्लबच्या हाती सोपवतो. त्या बदल्यात क्लब त्याला काय देतो, हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा आहे.

आपल्याकडे काही जिमखान्यांवर खेळली जाते ती रग्बी युनियन. तीत १५ खेळाडू असतात, तर रग्बी लीगमध्ये १३. चेंडू असलेला संघ सहा वेळा पकडला गेला, की चेंडू प्रतिस्पर्ध्याला द्यावा लागतो. म्हणजे कबड्डीप्रमाणेच पकड हा या खेळाचा प्राण. या खेळाचा जन्मच मुळी खेळाडूच्या पोटाच्या प्रश्नातून झाला. खाणीत आणि गिरणीत राबणाऱ्या खेळाडूंचा सामन्यामुळे बुडालेला रोज भरून द्यावा की नाही, यावरून १८९५ मध्ये हडर्सफील्ड येथे उत्तरेकडच्या क्लबांनी मूळ संघटनेतून बाहेर पडून वेगळी चूल मांडली.

पेरणी एकाची, कापणी दुसऱ्याची

खेळाडू घडवणे म्हणजे काय, याचे अलीकडच्या काळातले ठळक उदाहरण म्हणजे सिडनीच्या पश्चिम टोकाचा पेनरिथ पँथर्स हा क्लब. २०२१ ते २०२४ अशी सलग चार वर्षे त्याने ऑस्ट्रेलियातले विजेतेपद पटकावले. त्याआधीच्या पन्नासहून अधिक वर्षांत त्याच्या वाट्याला फक्त दोन विजेतेपदे आली होती, १९९१ आणि २००३ मध्ये.

हे यश एका रात्रीत आले नाही. २०११ मध्ये फिल गूल्ड यांनी क्लबच्या कारभाराची सूत्रे हाती घेतली, तेव्हा क्लबची आर्थिक स्थिती नाजूक होती. बाहेरून महागडे तारे आणण्यापेक्षा परिसरातल्या मुलांवर खर्च करायचा, असे धोरण ठरले. पुढची कित्येक वर्षे चषक आला नाही. २०१९ मध्ये गूल्ड क्लब सोडून गेले आणि दोन वर्षांनी विजेतेपद मिळाले. पेरणारा कापणीला हजर नव्हता!

विजेत्या संघातले जरोम लुआई, ब्रायन टोओ आणि स्टीफन क्रायटन हे तिघे क्लबजवळच्या माउंट ड्रुइट या कष्टकरी वस्तीच्या परिसरात वाढले. संघाचा सूत्रधार नेथन क्लिअरी क्लबच्या कनिष्ठ संघांतून वर आला. आयझाया यो शेकडो किलोमीटर दूरच्या डबो गावचा. २०२२ मध्ये तर १९ वर्षांखालील, २१ वर्षांखालील, राखीव आणि मुख्य अशा चारही स्तरांवर पेनरिथचेच संघ विजेते ठरले. शिखराखालचा डोंगर खरा होता, याचा याहून चांगला पुरावा कोणता?

पैशाने उभारलेला मनोरा

याउलट चित्र कॅनडातल्या टोरांटो वुल्फपॅक या क्लबचे. २०१७ मध्ये तो इंग्लंडच्या तिसऱ्या श्रेणीत उतरला आणि २०२० मध्ये थेट सर्वोच्च श्रेणीत, सुपर लीगमध्ये पोचला. न्यूझीलंडचा नामांकित खेळाडू सॉनी बिल विल्यम्स याला करारबद्ध केल्याचा मोठा गाजावाजा झाला. मात्र संघ जवळजवळ सगळा परदेशातून घेतलेल्या खेळाडूंचा होता. ज्या देशात हा खेळ रुजलेलाच नव्हता, तिथे तयार खेळाडू मिळणे कठीण होते, हेही खरे. पण महामारी आली, पैशाचा ओघ आटला आणि जुलै २०२० मध्ये क्लबने हंगाम अर्धवट सोडला. खाली मुळे नसली, की पहिल्याच वादळात झाड आडवे होते.

म्हणून बाहेरचा खेळाडू घेणे हा काही गुन्हा नव्हे. पेनरिथच्या विजेत्या संघांतही बाहेरून आलेले चांगले खेळाडू होते. मेलबर्न स्टॉर्म या क्लबच्या शहरात तर वेगळ्याच फुटबॉलचे वेड. त्याने क्वीन्सलंड राज्यातली कॅमेरॉन स्मिथ, बिली स्लेटर, कूपर क्रॉंक ही तरुण मुले ब्रिस्बेनच्या नॉर्थ्स डेव्हिल्स या संघात खेळवून तयार केली. पुढे तिघेही त्या पिढीतले अव्वल खेळाडू ठरले. तेव्हा मुलगा कुठे जन्मला याहून तो क्लबात आला तेव्हा काय होता आणि पाच वर्षांनी काय झाला, हे पाहिले पाहिजे.

गेलेलेही मोजा

क्लबची पारख करताना बहुतेक लोक फक्त आजचा संघ पाहतात. इथेच फसगत होते. रग्बी लीगमध्ये प्रत्येक क्लबने पगारावर किती खर्च करायचा, याला मर्यादा असते. त्यामुळे एखाद्या क्लबने खूप चांगले खेळाडू घडवले, तर ते सगळे त्याला सांभाळता येत नाहीत. पेनरिथचा मॅट बर्टन २०२१ नंतर, क्रायटन २०२३ नंतर आणि लुआई २०२४ नंतर दुसऱ्या क्लबात गेला. या जाण्याला अपयश म्हणायचे का? उलट, दरवर्षी कुणीतरी जातो आणि त्याची जागा खालून वर आलेला मुलगा घेतो, हीच जिवंत क्लबची खूण.

लंडन ब्रॉंकोज हा क्लब या बाबतीत उपेक्षित राहिला. रग्बी लीगच्या पारंपरिक मुलखापासून दूर असूनही त्याच्या तालमीतून काय पेअर्स-पॉल, माइक मॅकमीकन यांच्यासारखे खेळाडू तयार झाले आणि मोठ्या क्लबांत चमकले. २०२३ मध्ये लंडनने बढती मिळवली. पण त्याच सुमारास इंग्लंडमध्ये क्लबांना गुण देण्याची नवी पद्धत आली. चाहते, कामगिरी, आर्थिक स्थिती, मैदान आणि समाजकार्य अशा पाच सदरांत गुण वाटले गेले. खेळाडू घडवण्यासाठी वेगळे सदर नव्हते. एका हंगामानंतर लंडन पुन्हा खाली ढकलला गेला. जे मोजले जात नाही, त्यावर खर्च करण्याचा मोह क्लबांना कसा होणार?

शिडीची मधली पायरी

अकादमीची चकचकीत इमारत, व्यायामशाळा, रंगीत पुस्तिका यांवरून काहीच ठरत नाही. खरी परीक्षा १८ ते २१ या वयात होते. मुलगा कनिष्ठ संघासाठी मोठा होतो, पण मुख्य संघासाठी अजून कच्चा असतो. या वयात त्याला दर आठवड्याला खरा सामना हवा. त्यासाठी राखीव संघ लागतो आणि तो चालवायला पैसा. मधली काही वर्षे इंग्लंडमधल्या अनेक क्लबांनी नेमकी हीच पायरी काढून टाकली होती. मुले दुसऱ्या क्लबकडे खेळायला पाठवली जात किंवा बाकावर बसत.

विगनने मात्र वस्तीतल्या क्लबांशी असलेले नाते जपले. विगन सेंट पॅट्रिक्स या हौशी क्लबातून शॉन एडवर्ड्स आला, सॅम टॉमकिन्स आला, लियम फॅरेलही आला. २०२४ मध्ये विगनने जागतिक क्लब सामन्यात पेनरिथला १६-१२ असे हरवले आणि त्या वर्षीचे चारही प्रमुख चषक जिंकले. फॅरेल त्या संघाचा कर्णधार होता.

मुलगा किती लवकर मुख्य संघात उतरला, यावरूनही भुलून जाऊ नये. ऑस्ट्रेलियात १८ वर्षे पूर्ण होण्याआधी मुख्य श्रेणीत खेळण्यास बंदी घालण्यात आली, ती कोवळ्या शरीराचा विचार करूनच. २०२१ मध्ये जोसेफ सुआलीई याला खास परवानगी मिळाली, पण तो अपवाद होता. कोवळ्या मुलाला घाईने मैदानात ढकलणारा क्लब खेळाडू घडवत नाही, वापरतो.

वर न पोचलेल्यांचे काय?

मुख्य संघात एका वेळी मैदानावर १३ जण असतात, खाली मुले शेकडो. म्हणजे बहुतेक मुले वर पोचणारच नाहीत, हे क्लबला पहिल्या दिवसापासून ठाऊक असते. ज्याला एकोणिसाव्या वर्षी ‘आता येऊ नकोस’ असे सांगितले, त्याच्या हाती शाळेचा दाखला, एखादे कौशल्य, धड शरीर आणि स्वतःविषयीचा विश्वास उरला आहे का? चषकांच्या कपाटात याचे उत्तर सापडत नाही.

पालकांनी क्लबच्या दारात उभे राहून चार साधे प्रश्न विचारावेत. गेल्या पाच वर्षांत खालून वर आलेले किती जण मुख्य संघात टिकले? राखीव संघ नियमित खेळतो का? मुलाच्या शिक्षणाकडे आणि दुखापतीकडे लक्ष द्यायला नेमका कोण माणूस आहे? आणि ज्यांना सोडले, ती मुले आज काय करत आहेत?

पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे कुठलाही हुशार चिटणीस तोंडपाठ देईल. चौथ्याचे उत्तर ज्याच्याकडे नावानिशी असेल, तो क्लब मुलांकडे माणसे म्हणून पाहतो असे खुशाल समजावे.