हरवलेलं मांजर ऐकत असतं

१३७ मीटर. एवढं अंतर चालायला फार तर दोन मिनिटं लागतात. कायम घरातच वाढलेलं मांजर दार उघडं राहिल्यामुळे निसटतं. घरचे गल्ल्या पालथ्या घालतात, रात्री जागवतात, रिक्षा करून पुढच्या चौकापर्यंत जाऊन येतात. अखेर ते सापडतं तेव्हा कुठे असतं? सापडलेल्या अशा दर चार मांजरांतली तीन या १३७ मीटरांच्या आतच होती. म्हणजे ज्या जिन्यावरून आपण त्याला हाका मारत चारदा उतरलो, त्याच जिन्याखालच्या अडगळीत ते असण्याची शक्यता बरीच असते.

ही आकडेवारी २०१८ साली ‘ॲनिमल्स’ या शोधपत्रिकेत आली. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंड विद्यापीठातल्या संशोधकांनी १,२१० हरवलेल्या मांजरांची हकिगत त्यांच्या मालकांकडून गोळा केली. या कामात कॅट अल्ब्रेख्त याही होत्या. अमेरिकेतल्या पोलीस खात्यात त्या वास काढणाऱ्या ब्लडहाउंड कुत्र्यांसोबत माणसं शोधायच्या. एकदा त्यांचाच कुत्रा हरवला आणि तो दुसऱ्या एका शोधकुत्र्याने हुडकून काढला. माणसं शोधायचं शास्त्र पाळीव प्राण्यांसाठी का वापरू नये, हा विचार तिथून सुरू झाला आणि पुढे हरवलेल्या प्राण्यांचा शोध हेच त्यांचं काम झालं.

या पाहणीत वर्षभरात ६१ टक्के मांजरं जिवंत सापडली, ३४ टक्के तर पहिल्या सात दिवसांतच. ९० दिवसांनंतर सापडलेली अगदी थोडी. सापडलेल्या एकूण मांजरांपैकी तीन चतुर्थांश निसटल्या जागेपासून ५०० मीटरांच्या आत होती. बाहेर हिंडायची सवय असलेल्या मांजरांचं वर्तुळ मात्र मोठं निघालं. त्यांतली तीन चतुर्थांश गाठायची तर सुमारे १.६ किलोमीटरपर्यंत जावं लागलं. म्हणून शोधाला निघण्यापूर्वीचा पहिला प्रश्न हाच, की आपलं मांजर घरबशं आहे की हिंडफिरं? त्या उत्तरावर शोधाचा नकाशा ठरतो.

इतक्या जवळ असूनही ते दिसत का नाही, याचं उत्तर मांजराच्या स्वभावात आहे.

मांजराला आपण वाघाची मावशी म्हणतो आणि घरात तिचा तोराही तसाच असतो. पण ज्या रानमांजरापासून पाळीव मांजर आलं, ते फेलिस लिबिका जेमतेम तीन-चार किलोंचं जनावर. उंदीर-पाखरांसाठी ते शिकारी, पण कोल्ह्या-लांडग्यांसाठी आणि मोठ्या शिकारी पक्ष्यांसाठी शिकार. आपल्याकडे कच्छ आणि राजस्थानच्या रखरखीत माळावर त्याचे भाऊबंद आजही याच दुहेरी भूमिकेत जगतात. अशा प्राण्याचा जीव वाचतो तो लपून, हालचाल थांबवून, तोंडातून आवाज न काढता. सोफ्यावर लोळणाऱ्या आपल्या मनीच्या अंगात हीच शिकवण मुरलेली असते. त्यात तिला घर आतून पाठ असतं, बाहेरून तिने ते कधी पाहिलेलंच नसतं. दाराबाहेर चार पावलं टाकली की तिच्यासाठी तो परका मुलूख. भटकं कुत्रं भुंकलं किंवा बुलेटचा धडधडाट झाला, की मिळेल त्या पहिल्या फटीत ती शिरते आणि तिथेच गोठून बसते.

खरी नवलाची गोष्ट पुढेच आहे. आपली हाक तिला ऐकू येते आणि कळतेही.

मांजराच्या कानाला सुमारे ८५ किलोहर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात. माणसाची हद्द २० किलोहर्ट्झला संपते. दोन्ही कान वेगवेगळ्या दिशांना वळवून ती आवाजाचा ठिकाणा काढते. जपानमधल्या आत्सुको साइतो आणि त्यांच्या सहकाऱ्याने २०१३ साली २० मांजरांना त्यांच्याच घरी हाकांची ध्वनिमुद्रणं ऐकवली. आधी परक्यांच्या हाका, मग मालकाची. मालकाचा आवाज येताच मांजरांचे कान टवकारले, माना वळल्या. २०१९ मध्ये साइतो यांच्याच गटाने आणखी एक गोष्ट दाखवली. सारख्याच लांबीच्या इतर शब्दांमधून मांजर स्वतःचं नाव वेगळं ओळखतं. दोन्ही प्रयोगांत एक वागणूक सारखी होती. मांजरांनी ओळख दाखवली ती कानांनी आणि मानेने. ओ देणारी किंवा उठून आवाजाकडे जाणारी मांजरं मोजकीच.

हे स्वतःच्या घरातल्या, निर्धास्त मांजरांचं वागणं. मग पार्किंगच्या कोपऱ्यात भेदरून बसलेल्या मांजराकडून ‘म्याव’ची अपेक्षा कशी ठेवायची? आपण मनी-मनी करत पुढे निघून जातो, ओ आली नाही म्हणजे ती इथे नाही असं ठरवतो आणि तिचे कान मात्र आपली पावलं दूर जाईपर्यंत आपल्याच दिशेला वळलेले असतात. म्हणून मांजर शोधताना कानांपेक्षा डोळ्यांवर भिस्त ठेवायची. ओ आली नाही, याचा अर्थ काहीही होत नाही.

डोळ्यांनी शोधायचं तर मांजर मावतं किती जागेत, हे माहीत हवं. माणसाच्या गळपट्टीचं हाड खांद्याला पक्कं जोडलेलं असतं. मांजराचं ते हाड इवलंसं आणि स्नायूंमध्ये नुसतं तरंगतं. त्यामुळे खांदे आवळून घेता येतात आणि डोकं शिरलं की बाकीचं मांजर मागून येतं. आपल्याला दिसते ती भिंत आणि पत्र्याची शीट. तिला दिसते मधली चार बोटांची फट.

आता या नजरेने आपलीच सोसायटी पाहा. जिन्याखाली ठेवलेल्या जुन्या सायकली आणि फळ्या. मीटर रूमच्या दाराखालची फट. पंप रूम. पाइप जातात तो डक्ट. एसीच्या बाहेरच्या युनिटमागचा छज्जा. गच्चीवरच्या टाकीखालचा अंधार. उभ्या गाडीचं बोनेट, कारण नुकतंच बंद केलेलं इंजिन ऊबदार असतं; सकाळी गाडी सुरू करण्याआधी बोनेटवर दोन थापा मारायच्या त्या एवढ्यासाठीच. कोकणात आणि गावाकडे जागा बदलतात: पोटमाळा, कौलांखालची पोकळी, लाकूडफाट्याची रास, गोठ्यातली गवताची गंजी. नुसतं वाकून पाहणं पुरत नाही. गुडघे टेकून, गाल जमिनीला लावून, तिच्या उंचीवरून पाहावं लागतं.

उंच इमारतीत खिडकीची जाळी किंवा बाल्कनीचं ग्रिल उघडं राहिलं असेल, तर पहिला शोध नेमका त्या खिडकीच्या खाली घ्यायचा. न्यूयॉर्कमधल्या एका प्राणी रुग्णालयातल्या डॉक्टरांनी १९८७ साली इमारतींवरून पडलेल्या १३२ मांजरांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. उपचारांसाठी आणलेल्यांपैकी सुमारे ९० टक्के वाचली होती. जी जागीच गेली ती रुग्णालयात पोहोचलीच नसणार, हे खरं. तरीही आकडा थक्क करणारा आहे. हवेत असतानाच अंग वळवून मांजर पाय खाली आणतं. पण वाचलेल्यांपैकी अनेकांच्या छातीला, जबड्याला, पायांना इजा होती. असं जखमी मांजर लांब जात नाही. तळमजल्यावरच्या झुडपात, गटाराच्या झाकणाआड, जवळच्या गाडीखाली ते दडून राहतं आणि त्याला तासाभरात शोधण्याला मोल असतं.

शोधाची सर्वांत चांगली वेळ म्हणजे मध्यरात्रीनंतरची. वाहनं थांबलेली, कुत्री पेंगुळलेली. अशा वेळी दडलेलं मांजर हलायचं धाडस करतं. आपल्या बाजूनेही एक निसर्गदत्त सोय उभी राहते. मांजराच्या डोळ्यात दृष्टिपटलाच्या मागे एक परावर्तक थर असतो. दृष्टिपटलातून निसटून गेलेला प्रकाश तो पुन्हा आत फेकतो, त्यामुळे अंधुक उजेडातही मांजराला दिसतं. त्यातला काही प्रकाश डोळ्याबाहेर पडतो, तीच ती हिरवट-पिवळी चमक. पर्सी शॉ या इंग्रज माणसाने १९३४ साली पेटंट घेतलेले रस्त्यावरचे चमकते खुंट ‘कॅट्स आय’ म्हणूनच ओळखले जातात.

या चमकेची एक खोच आहे. प्रकाश जिथून आला, बराचसा तिथेच परत जातो. टॉर्च कमरेपाशी धरला तर चमक कमरेकडे जाते आणि आपल्याला काहीच दिसत नाही. तोच टॉर्च कानशिलाला लावून, डोळ्यांच्या रेषेत धरला आणि झोत सावकाश गाड्यांच्या चाकांमागून, झुडपांच्या बुंध्यांवरून फिरवला, की दिवसा दहा वेळा पाहिलेल्या कोपऱ्यात अचानक दोन हिरवे ठिपके पेटतात. मोबाइलच्या उजेडापेक्षा एकवटलेल्या झोताचा टॉर्च बरा. आणि वॉचमनला आधी सांगून ठेवायचं, नाहीतर रात्री दोन वाजता गाड्यांखाली डोकावणारा माणूस आपणच आहोत हे पटवण्यात वेळ जातो.

जुनी माणसं म्हणतील, कशाला शोधता, मांजर आपसूक परत येतं. या म्हणण्यालाही आधार आहे. त्रास देणारं मांजर पोत्यात घालून नदीपलीकडे सोडलं आणि चार दिवसांनी ते चुलीपाशी हजर झालं, असे किस्से आपल्याकडे गावोगाव ऐकू येतात. अमेरिकेतले प्राणिशास्त्रज्ञ फ्रान्सिस हेरिक यांनी १९२२ साली असा प्रयोगच प्रसिद्ध केला. पिल्लांपासून वेगळी करून काही मैलांवर सोडलेली मांजरी पुन्हा पुन्हा पिल्लांकडे परतली. फार लांब नेल्यावर मात्र तिला वाट सापडली नाही. १९५४ साली जर्मनीत झाकलेल्या चक्रव्यूहात मांजरं सोडून ती कोणत्या दाराने बाहेर पडतात ते पाहिलं गेलं. बरीच मांजरं घराच्या दिशेचंच दार निवडत होती आणि घर जितकं दूर, तितकी ही अचूकता कमी होत होती.

सगळ्यांत गाजली ती फ्लोरिडातली हॉली. २०१२ च्या नोव्हेंबरात मालकांसोबत प्रवासात असताना ती डेटोना बीचला हरवली आणि सुमारे दोन महिन्यांनी, जवळपास ३०० किलोमीटर दूर, स्वतःच्या गावात प्रकटली. हडकलेली, तळपाय सोलवटलेले. ती हॉलीच आहे हे सिद्ध झालं कातडीखालच्या मायक्रोचिपमुळे. तांदळाच्या दाण्याएवढ्या या चिपमध्ये ना बॅटरी असते, ना ठावठिकाणा सांगणारी यंत्रणा. असतो फक्त १५ अंकी क्रमांक. स्कॅनर जवळ नेला की तो वाचता येतो. चिप मांजर शोधून देत नाही, सापडलेलं मांजर कोणाचं ते सांगते. आपल्याकडे सापडलेलं मांजर स्कॅनरपर्यंत नेण्याची रीत अजून रुळलेली नाही, तेव्हा चिपच्या जोडीला झटका बसताच सुटणारा हलका पट्टा आणि त्यावर मोबाइल नंबर हवाच.

हॉली अपवाद आहे म्हणूनच तिची बातमी झाली. मुख्यतः अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधल्या ९२५ पाळीव मांजरांना जीपीएस लावून केलेला अभ्यास २०२० साली आला; बाहेर मोकळी फिरणारी असूनही बहुतेक मांजरं आपल्या अंगणापासून १०० मीटरांच्या आतच वेळ घालवत होती. तेव्हा वाट पाहणं आणि शोधणं, या दोन्ही गोष्टी एकदम करायच्या. रात्री घराचं दार किंचित उघडं ठेवायचं, बाहेर तिच्या अंगाखालची चादर आणि नेहमीचं खाणं ठेवायचं, आणि पहिला आठवडा पायी शोध घ्यायचा. त्या १,२१० मांजरांच्या पाहणीतही पायी शोध घेणाऱ्यांचं पारडं जड दिसलं.

सापडल्यावरही घाई नको. धावत गेलात तर ती आणखी आत शिरेल. खाली बसायचं, नजर रोखायची नाही, रोजच्या आवाजात बोलायचं, खाणं पुढे सरकवायचं आणि वाट पाहायची. चार-पाच दिवस उपाशी राहिलेलं मांजर खायला लागलं तरी डॉक्टरांना दाखवायलाच हवं, कारण उपासात मांजराच्या यकृतात चरबी साठते आणि ते जिवावर बेतू शकतं.

शेवटचं सांगणं मांजर हरवलेल्यांना नाही, त्यांच्या शेजाऱ्यांना आहे. त्याच पाहणीत असंही दिसलं की फार चौकस स्वभावाची मांजरं दुसऱ्याच्या घरात सापडण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त होती. ती तिथे शिरतात आणि मागून दार लागतं. आपल्या इमारतीत मांजर हरवल्याचा मेसेज आला, तर ‘आमच्याकडे नाही दिसलं’ एवढं उत्तर देऊन थांबू नका. गॅरेज, गच्चीवरची खोली, बंद फ्लॅट, दुकानाचं गोदाम यांचं कुलूप स्वतः काढा, टॉर्च घेऊन कोपरे पाहा आणि दार थोडा वेळ उघडं ठेवा. आत कोणी असलं, तरी ते ओ देणार नाही.