विक्रेत्यानेच ऑर्डर रद्द केली तर

पैसे घेऊन पक्की केलेली सोफ्याची किंवा कपाटाची ऑर्डर विक्रेत्याने सबळ कारणाविना रद्द करणे, ही ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार सेवेतील त्रुटी ठरू शकते. भरलेली रक्कम परत मागता येतेच. तीच वस्तू दुसरीकडे महाग घ्यावी लागली, तर फरकाची भरपाईही मागता येते. त्यासाठी पावती आणि ऑर्डर रद्द केल्याचा संदेश जपावा. ऑनलाइन खरेदीत 2020 चे ई-कॉमर्स नियम लागू होतात. स्वतः ऑर्डर मोडताना कंपनी रद्द-शुल्क सोसत नसेल, तर ग्राहकाकडूनही तिला ते घेता येत नाही. ही समानता फार मोलाची आहे. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915. तिथे दाद न लागल्यास ऑर्डर रद्द झाल्यापासून 2 वर्षांच्या आत राहत्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे जाता येते. 5 लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीसाठी तक्रार-शुल्क नाही, वकीलही सक्तीचा नाही.