नंदुरबारचं पाणी, नंदुरबारच्या काठावरून

जागतिक पर्यटन दिन होतो, दिवाळीची सुट्टी तोंडावर येते. या दिवसांत नंदुरबार जिल्ह्यात तोरणमाळच्या विकासाची चर्चा हमखास निघते. रिसॉर्ट, बोटिंग, व्ह्यू पॉइंट हे सगळं वाचकांच्या वाचनात आलेलंच असेल. मला विचारायचंय ते वेगळं. शहाद्याच्या किंवा तळोद्याच्या एखाद्या जोडप्याने ठरवलं, की मुलंबाळं नकोत, देवदर्शनाची धावपळ नको, चार दिवस नुसतं पाण्याच्या काठी राहायचं, तर ती दोघं कुठे जातात? तलाव हवा असेल तर सापुताऱ्याला, बागा हव्या असतील तर एकतानगरला आणि समुद्र हवा असेल तर सुरतेजवळच्या डुमसला. तिन्ही ठिकाणं गुजरातेत. ती वाईट नाहीत. पण ज्या जिल्ह्यात सातपुड्याच्या माथ्यावर तलाव आहे, अंगणातून तापी वाहते आणि उत्तर सीमेवर ५४ किलोमीटर नर्मदा आहे, तिथल्या माणसाला पाणी बघायला राज्याबाहेर जावं लागावं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

तोरणमाळला आपण जातो, पण राहत नाही. सकाळी शहाद्याहून निघायचं, म्हसावद, राणीपूर करत घाट चढायचा, सीताखाई बघायची, मच्छिंद्रनाथाची गुफा, गोरखनाथाचं मंदिर, यशवंत तलावाच्या काठावर फोटो आणि दिवेलागणीच्या आत पुन्हा खाली. अशा धावत्या भेटीत तोरणमाळ कळणं शक्य नाही. काळ्या बेसाल्टच्या या पठाराची उंची अकराशे मीटरच्या वर आहे. चहूबाजूंच्या डोंगरांमधल्या खोलगट भागात पावसाचं पाणी साठून राहतं, तोच यशवंत तलाव. ऑक्टोबरात तो काठोकाठ असतो, गवत अजून हिरवं असतं आणि सीताखाईच्या धबधब्यातही पाणी असतं. पुढे डिसेंबर-जानेवारीत रात्री इतक्या गार होतात, की तोरणमाळला आणि अक्कलकुव्याच्या डाब परिसरात गवतावरचं दव गोठतं. सपाटीवर राहणाऱ्या खानदेशी माणसाला हे दृश्य एरवी कुठे बघायला मिळणार? त्यासाठी पहाटे तिथे असावं लागतं, म्हणजे रात्री मुक्काम करावा लागतो. माझं स्पष्ट मत आहे, की दोघांनी तोरणमाळला किमान दोन रात्री राहावं आणि त्यातल्या एका दिवशी काहीही बघायला जाऊ नये. तलावाला सावकाश चालत वळसा घालावा, वाटेत कमळ तलावापाशी बसावं. महाशिवरात्रीच्या यात्रेचे दिवस मात्र टाळावेत. तेव्हा तीन राज्यांतले भाविक गोरखनाथाला येतात आणि त्या दिवसांत डोंगर त्यांचा असतो.

समुद्राचं थोडक्यात सांगतो. डुमसला जायचंच असेल तर तापीच्या सोबतीने जावं. प्रकाशाला गोमाई तापीला मिळते. तिथे संध्याकाळ घालवावी आणि दुसऱ्या दिवशी नंदुरबारहून सुरतेची गाडी धरावी. मुलताईहून निघालेली ही नदी ७२४ किलोमीटर चालून डुमसच्या बाजूलाच खंबातच्या आखाताला मिळते. तिथली वाळू काळी आहे आणि भरती-ओहोटीचा फरक इतका मोठा, की ओहोटीला पाणी पार दूर जातं आणि समोर नुसता चिखल उरतो. तेव्हा भरतीची वेळ पाहूनच निघावं.

आता नर्मदा. या लेखाचं खरं कारण तीच आहे.

धडगावहून भूषा गावाकडे उतरताना एका वळणावर खाली पाणी दिसतं. पहिल्यांदा बघणाऱ्याला ती नदी वाटतच नाही. डोंगरांच्या घड्यांमध्ये शिरलेलं, टेकड्यांची बेटं करणारं हे रुंद, संथ पाणी म्हणजे सरदार सरोवराचा फुगवटा. पूर्ण भरल्यावर त्याची पातळी समुद्रसपाटीपासून १३८.६८ मीटर असते आणि धरणापासून मागे त्याची लांबी दोनशे किलोमीटरच्या पुढे जाते. पावसाळ्याअखेरीस तो सर्वांत भरलेला असतो. पुढे कालवे आणि वीजनिर्मिती यांसाठी पाणी सुटत राहतं, पातळी उतरते आणि उन्हाळ्यात काठावर गाळाचा पट्टा उघडा पडतो. म्हणून इथे यायचं तर ऑक्टोबर ते जानेवारीत. धडगावच्या बाजारात सीताफळं येतात तीही याच हंगामाच्या सुरुवातीला.

हे पाणी सुंदर आहे, हे मी कचरत सांगत नाही. पण त्याच्या तळाशी काय आहे हे माहीत असल्याशिवाय ते बघू नये, असं मला वाटतं. अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली ३३ गावं या धरणाने बाधित झाली. बहुतेक घरं भिल्ल आणि पावरा लोकांची. मणिबेलीत १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला पाणी शिरलं, तेव्हा गाव सोडायला नकार देणारी माणसं तिथे उभी होती. पुढे बरीच कुटुंबं तळोदा आणि शहादा तालुक्यांतल्या पुनर्वसन वसाहतींत आली, काही काठावरच वर सरकून राहिली. महाराष्ट्राच्या वाट्याला धरणातून आली ती मुख्यतः २७ टक्के वीज. काठावर राहिलेल्यांसाठी हे पाणी म्हणजे रस्ता. आरोग्य खात्याचा तरंगता दवाखाना त्यांच्याकडे पाण्यावरून येतो, मतदान पथकंही बोटीनेच जातात.

त्याच धरणाच्या खालच्या बाजूला, गुजरातेतल्या एकतानगरला, २०१८ च्या ऑक्टोबरात सरदार पटेलांचा पुतळा उभा राहिला, भोवती फुलांची दरी आणि सफारी आली. आपल्याकडची जोडपी अक्कलकुवा, सागबारा, डेडियापाडा करत तिथे जातात, तिकीट काढून धरण बघतात आणि परततात. मागे पसरलेलं पाणी आपल्याच जिल्ह्याच्या काठाला लागून आहे, हे अनेकांच्या लक्षातही येत नाही.

उद्या या काठावरही पर्यटन येईल आणि यावं. पण सुरुवात सुरक्षित बोटीपासून झाली पाहिजे. १५ जानेवारी २०१९ ला, संक्रांतीच्या दिवशी, भूषाजवळ क्षमतेपेक्षा जास्त माणसं चढलेली बोट उलटली आणि माणसं बुडाली. ती पर्यटक नव्हती, याच डोंगरातली होती, सणाला नर्मदेवर आली होती. प्रत्येकाच्या अंगावर लाइफ जॅकेट, बोटीवर ठळक लिहिलेली क्षमता आणि ती मोजणारा माणूस, एवढं झाल्याशिवाय एकाही जोडप्याला या पाण्यावर बोलावू नये.

आणि बोटींचे परवाने बाहेरच्या ठेकेदाराला देऊ नयेत. ज्यांची शेतं खाली गेली, त्यांच्याच सहकारी संस्थांना द्यावेत. पाण्याखालचा डोंगर, जुनी वाट, बुडालेल्या झाडांचे शेंडे कुठे आहेत, हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नाही, त्यामुळे सुरक्षिततेसाठीही तेच योग्य. मुक्कामासाठी काँक्रीटचं हॉटेल बांधण्याआधी काठावरच्या घरांना एकेक नीट खोली आणि संडास बांधायला अनुदान द्यावं. पाहुण्यांना ज्वारीची भाकरी, धडगावच्या आमचुराची आमटी आणि जलाशयातला मासा मिळाला, तर जेवणाचे पैसेही त्याच घरात राहतील. तोरणमाळसाठी आराखडा होणार असेल, तर त्यात भूषा ते मणिबेली हा काठही धरावा, आणि तो कागदावर उतरण्याआधी या गावांच्या ग्रामसभांपुढे पावरी आणि भिली बोलीत वाचला जावा.