पान राखलं, तर कंद भरतो

कळलावीचं बी पेरणाऱ्याने पहिल्या वर्षी फुलाचं नाव काढू नये. दुसऱ्या वर्षीही सहसा नाही. बियापासून फुलापर्यंत तीन-चार पावसाळे जातात आणि तोवर वाढवायचा असतो तो मातीखालचा कंद. वर्ध्याच्या बोरगाव मेघेत आमच्या लेआउटमधल्या रिकाम्या प्लॉटच्या तारेवर ही वेल श्रावणात आपसूक चढते आणि पोळ्याच्या सुमारास पिवळ्या-लाल पाकळ्या उलट्या वळवून फुलते. प्लॉटवर बांधकाम निघालं की जेसीबी तिला कंदासकट उचलून नेतो. म्हणून बोंडं पिकली की मी बी आणून घरी पेरतो. खणून आणलेला कंद लवकर फुलेल हे खरं, पण औषधासाठी कंद खणूनखणूनच रानातली कळलावी कमी झाली आहे.

हिवाळ्याच्या तोंडाशी बोंड तडकतं. आत ओळीने लालबुंद गराचं बी असतं. राखेत चोळून गर काढायचा, बी सावलीत वाळवायचं आणि मृगापर्यंत कागदाच्या पुडीत ठेवायचं. पेरणी नर्सरीच्या काळ्या पिशव्यांत. आपली काळी माती पाणी धरून बसते आणि पाणी साचलं की कंद सडतो. म्हणून एक भाग माती, एक भाग रेती, एक भाग कुजलेलं शेणखत, आणि तळाशी मुरूम. उगवण मात्र बियाच्या मर्जीने होते. काही आषाढात डोकं काढतं, काही श्रावण सरताना, तर काही थेट पुढच्या पावसाळ्यात. पिशवी रिकामी दिसली तरी ओतून टाकायची नाही.

पहिल्या वर्षाचं रोप म्हणजे एक बारीक कोंब आणि मोजकी अरुंद पानं. मोठ्या वेलीच्या पानांची टोकं आधाराला विळखा घालतात, तो प्रकार इथे अजून नसतो. दिवाळीनंतर रोप पिवळं पडून नाहीसं होतं. मग पाणी बंद करायचं आणि पिशव्या सावलीत सारायच्या. मे महिन्यात वर्ध्याचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. पत्र्याखाली ठेवलेल्या पिशवीत कंद भाजून निघेल.

इथे एक हिशेब लक्षात घ्यावा लागतो. कळलावीचा जुना कंद दरवर्षी संपतो. त्यातला साठा खर्चून वेल वर येते आणि पुढे पानांच्या कमाईवर नवा कंद भरतो. म्हणजे पावसाळ्यात पानं गेली तर नुकसान त्या वर्षाचं दिसतं, पण भरावं लागतं पुढच्या वर्षी.

पानं खाणारीही ठरलेली आहे. पॉलिटेला ग्लोरिओसी या पतंगाची अळी. मादी पानावर पिवळसर अंड्यांचा पुंजका घालते. निघालेल्या अळ्या आधी घोळक्याने एकच पान खरवडतात. पानावर पांढुरका पारदर्शक डाग दिसला की ते पान उलटून पाहायचं. मोठी अळी काळी, अंगावर पांढरे आणि लाल ठिपके. लपण्याची तिला गरजच वाटत नाही. भर उजेडात शेंड्यापासून खाली खात येते, कळ्याही सोडत नाही, आणि पोट भरलं की मातीत उतरून कोष करते.

कळलावीच्या सर्वांगात कोल्चिसीन हे जहाल विष असतं. ते पेशींचं विभाजन थांबवतं. गाऊटवरच्या औषधात ते वापरतात, आणि १९३७मध्ये ब्लेकस्ली आणि एव्हरी यांनी त्याने वनस्पतींची गुणसूत्रं दुप्पट होतात हे दाखवल्यावर बिनबियांच्या कलिंगडाची वाट मोकळी झाली. तमिळनाडूत शेतकरी बियांतल्या या विषासाठी कळलावीचं पीकच घेतात. तेच विष ही अळी पानासोबत पचवते.

घरगुती बागेला वेचणी पुरते. सकाळी साबणाच्या पाण्याचा डबा घेऊन फिरायचं, हातमोजे घालून अळ्या त्यात पाडायच्या, पुंजका असलेलं पान खुडून टाकायचं. वेचणी आवरेना तर कपाशीवर मारतात तोच ५ टक्के निंबोळी अर्क. ५० ग्रॅम निंबोळीची भरड रात्रभर पाण्यात भिजवायची, गाळून लिटरभर करायची, चिमूटभर साबण घालायचा आणि संध्याकाळी फवारायचं, कारण उन्हात त्याचा असर लवकर जातो. लहान अळ्यांवर तो चालतो, मोठ्या दाद देत नाहीत. अंगणात स्पायडर लिली किंवा नागदवणा असेल तर तिथेही पाहावं. या अळीची वस्ती त्यांच्यावरही असते.

थंड मुलखातले बागवान फ्रिटिलारिया नावाची कंदाची फुलझाडं बियापासून वाढवतात, तेव्हा त्यांचंही असंच चालतं. पहिल्या वर्षी उगवतं जेमतेम एक पान, फुलाला अनेक वर्षं, आणि पानांवर लाल लिली-भुंगा. त्याची अळी स्वतःचीच विष्ठा अंगावर पांघरून बसते. त्या कंदांना हिवाळ्याची कडक थंडी लागते, वर्ध्यात त्यांचा निभाव नाही.

शेजारच्या काकू पिशव्या पाहून म्हणाल्या, "हे काऊन लावलं जी? घरात भांडणं लागतात म्हणते." भांडणांचं माहीत नाही, विषाचं मात्र खरं आहे. कंद रताळ्यासारखा दिसतो आणि तो खाऊन माणसं दगावली आहेत. लेकरं-जनावरं पोहोचतील तिथे पिशवी ठेवू नये आणि माती हाताळल्यावर हात धुवावे.

चैत्रात पिशव्या उकरून कंद पाहतो. मोठा झालेला कंद दोन भुजांचा असतो, प्रत्येक भुजेच्या टोकाला एकच डोळा. तो मोडला की ती भुजा उगवत नाही, म्हणून माती बोटांनी सैल करायची, ओढायचं नाही. एकदा काही पिशव्या मुद्दाम वेचणीविना सोडल्या होत्या. त्यांच्यातले कंद लावले त्याहून बारीक निघाले, तर शेजारच्या राखलेल्या पिशव्यांत बोटाएवढे भरले होते. तेव्हापासून कोणी बी मागायला आलं की मी आधी विचारतो, भाद्रपदात गावी असणार का? नसाल तर ज्याला सांगून जाल, त्याला पान उलटून पाहायला शिकवून जा.