एकरी ९०० किलो तांबं

एका एकराची वरची सहा-सात इंच माती तोलली तर साधारण ९ लाख किलो भरते. म्हणजे माती परीक्षणाच्या कागदावर '१ पीपीएम' (दहा लाखांत एक भाग) दिसलं, की एकरात तो पदार्थ जेमतेम ९०० ग्रॅम आहे असं समजायचं. एरवीच्या मातीत तांबं २०-३० पीपीएम असतं. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात, सडबरीच्या धातुभट्ट्यांजवळ ते हजारापुढे गेलं. एकरी ९०० किलो! निकेल वेगळंच.

पिकाला यातलं लागतं किती? एकरी ४ टन सुका पाला-दाणा धरा, त्यात १० पीपीएम तांबं धरा. एका हंगामाला ४० ग्रॅम. या हिशेबाने त्या एकरात २२,५०० हंगामांची बेगमी पडून होती. निकेलची गरज तर इतकी नगण्य, की वनस्पतींना ते लागतं हेच मुळी १९८७ साली ध्यानात आलं.

सडबरीचं खनिज १८८३ मध्ये रेल्वेमार्ग टाकताना उघडकीस आलं. त्यात गंधक भरपूर. ते घालवायला सुरुवातीला उघड्यावर सरपणाच्या राशी रचत, वर खनिज ओतत आणि पेटवून देत. ढीग महिनोन्‌महिने धुमसायचा, धूर जमिनीलगत सरपटायचा. मग चिमण्या आल्या, उंच होत गेल्या. १९७२ मधली शेवटची ३८१ मीटरची. शतकभरात १० कोटी टनांवर सल्फर डायऑक्साइड हवेत गेला. सुमारे २०,००० हेक्टर ठार उजाड, आणखी ८०,००० अर्धवट. मिळून अडीच लाख एकर. चंद्रासारखी जमीन म्हणून अपोलोचे अंतराळवीर इथे सरावाला आले, असं हौसेने सांगतात. खरं तर ते १८५ कोटी वर्षांपूर्वीच्या अशनीपाताचे खडक बघायला आले होते.

१९७०च्या दशकात टोरँटो विद्यापीठाच्या टॉम हचिन्सन यांच्या प्रयोगांत या मातीतून निथळलेलं नुसतं पाणी रोपांना दिलं, तरी मुळं वाढेनात. मुळाच्या टोकाशी नव्या पेशी तयार होतात आणि जरा मागे त्या लांबतात. मूळ पुढे सरकतं ते या लांबण्यामुळे. विरघळलेलं तांबं तिथे पोचलं की लांबणंच थांबतं. मूळ आखूड, जाडसर आणि तपकिरी होतं, त्याला बारीक फाटे फुटत नाहीत. भोवती ओल असूनही रोप तहानलेलं राहतं.

मात्र धातू मातीच्या कणांना चिकटून बसला, तर मुळाला त्याचा फारसा उपद्रव नाही. विरघळलेला धातू मारतो, आणि त्याला विरघळवते आम्लता. गंधकाच्या धुराने तिथला पीएच अनेक ठिकाणी ४ च्या खाली नेला होता. हा आकडा एकाने उतरला की आम्लता दहापट, दोनाने उतरला की शंभरपट. इतक्या आंबट मातीत तिचं स्वतःचं ॲल्युमिनियमही सुटं होतं, आणि ते काही भट्टीतून आलेलं नव्हतं.

म्हणूनच लॉरेन्शियन विद्यापीठाचे वनस्पतिशास्त्रज्ञ कीथ विंटरहाल्डर यांनी माती खरवडून काढायच्या भानगडीत न पडता आम्लता मारणारी चुनखडीची भुकटी सुचवली. १९७८ पासून ती पसरायला लागले : हेक्टरी १० टन, म्हणजे चौरस मीटरला एक किलो. खडकाळ उतारांवर यंत्र चालेना, तेव्हा उन्हाळी कामावरच्या विद्यार्थ्यांनी पोती वाहिली. तीन हजारांवर हेक्टर असे हातांनी झाले, म्हणजे तीस हजार टन चुनखडी! गवत पेरलंच होतं, पण त्यात न पेरलेले बर्च आणि पॉपलरही आपणहून उगवले. २०२२ पर्यंत लावलेल्या झाडांचा आकडा एक कोटीवर गेला. एवढी मोठी झाडमोजणी ऐकली की मी सहसा संशयाने बघतो. इथे त्यामागे चव्वेचाळीस वर्षं आहेत.

तांबं मात्र हललेलं नाही. निकेलही नाही. दोन्ही त्याच सहा-सात इंचांत आहेत, आणि वरची चुनखडी दर पावसात थोडी थोडी झिजते.